‘आणखी दहा मिनिटे’

एक आई समुद्रकाठी वाळूवर बसलेली आहे. तिचा लहानगा पाण्यातून धावत येतो आणि पुन्हा पाण्यात जाऊ दे म्हणून हट्ट धरतो. आई त्याची बोटे पाहते. फार वेळ पाण्यात राहिल्याने त्यांना सुरकुत्या पडल्या आहेत. ती प्रथम नाही म्हणते, मग मुलाच्या मुद्रेकडे पाहून विरघळते आणि आणखी दहा मिनिटांची मुभा देते. कोणतीही आई जे करील तेच ती करते. मुलगा आपला हवेचा पिवळा तराफा घेऊन पाण्यात शिरतो. थोड्या वेळाने इतर सर्व आया आपापल्या मुलांना ओढून काठावर आणतात, आणि ही एकटी आई पाण्याच्या कडेला उभी राहून मुलाला हाका मारीत असते. लाट तिच्या पायांशी फाटलेला पिवळा तराफा आणून टाकते.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘जॉज’ या 1975 सालच्या चित्रपटातील हा प्रसंग बहुतेक वाचकांच्या परिचयाचा असेल. 2025 साली या चित्रपटाला 50 वर्षे पूर्ण झाली आणि त्यानिमित्ताने त्याविषयी बरेच लिहिले गेले. त्या लिखाणात शार्कविषयी पुष्कळ होते, जॉन विल्यम्स यांच्या दोन सुरांच्या भेदक संगीताविषयी होते, आणि खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडणाऱ्या त्या यांत्रिक माशाविषयी तर फारच होते. (या यांत्रिक माशाचे ‘ब्रूस’ हे नाव दिग्दर्शकाच्या वकिलावरून ठेवलेले होते. आमच्या व्यवसायाविषयी चित्रपटसृष्टीचे काय मत आहे ते त्यावरून समजावे.) मासा बिघडल्यामुळे तो तासाभराहून अधिक काळ पडद्यावर पुरता दाखवता आला नाही, आणि म्हणूनच भीती वाढली, हे सर्वांनी सांगितले, आणि ते खरेही आहे. परंतु त्या आईविषयी मात्र फार थोड्यांनी लिहिले. मला हा चित्रपट मूलतः तिचा वाटतो.

वकिलाने कलाकृतीकडे पाहणे हा थोडासा अरसिकपणाच आहे, हे मी मान्य करतो. जो मनुष्य दिवसभर ‘चूक कोणाची’ या एकाच प्रश्नाभोवती फिरतो, तो रात्री नाट्यगृहात जाऊनही तोच प्रश्न विचारीत बसतो. परंतु ‘जॉज’चा पूर्वार्ध हा प्रश्न स्वतःच विचारतो, प्रेक्षकाने तो बाहेरून आणावा लागत नाही.

ॲमिटी नावाचे एक बेट आहे. नावाचा अर्थ सख्य. उन्हाळ्यातील पाहुण्यांच्या पैशावर हे गाव वर्षभर जगते. एके रात्री समुद्रात पोहायला गेलेली एक तरुणी मरते. तिचे अवशेष सापडतात. पोलीसप्रमुख ब्रॉडी शार्कचा हल्ला अशी नोंद करतो आणि पोहण्यास बंदी करण्याच्या तयारीला लागतो. तेवढ्यात नगराध्यक्ष व्हॉन, वर्तमानपत्राचा संपादक आणि मृत्यूचे कारण ठरविणारा वैद्यकीय अधिकारी असे तिघे त्याला तरीवर गाठतात. शार्कऐवजी होडीचा अपघात म्हणता येईल, असे तो अधिकारी आता सांगू लागतो. चार जुलैचा स्वातंत्र्यदिन तोंडावर आला आहे. ब्रॉडी गावात नवा आहे, पाण्याला भिणारा आहे, आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःलाही पूर्ण खात्री नाही. तो गप्प बसतो. बंदी होत नाही. दोन-चार दिवसांतच ती आई आपल्या मुलाला दहा मिनिटे देते.

या तरीवरच्या संभाषणात कोणी कोणाला धमकावीत नाही, लाच देत नाही, खोटी शपथही घेत नाही. सर्वजण सौम्यपणे, समजुतीच्या स्वरात बोलतात. ज्याने म्हणून नगरपालिकेच्या किंवा पंचायतीच्या बैठकी पाहिल्या आहेत त्याला हा स्वर ओळखीचा वाटेल. सत्य दडपले जाते ते बहुधा अशाच सुरात. ‘अपघात’ या एका शब्दाने एका मृत्यूची नोंद बदलते, आणि त्या बदललेल्या नोंदीवर विसंबून शेकडो कुटुंबे दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरतात. दस्तऐवज किती दूरवर मारू शकतो हे चित्रपटाने येथे दोन मिनिटांत दाखविले आहे, आणि त्यासाठी त्याला दात दाखवावे लागलेले नाहीत.

आता त्या आईची जबाबदारी किती? रोमन कायद्यापासून चालत आलेले एक तत्त्व आहे: ज्याने स्वेच्छेने धोका पत्करला त्याला त्यापासून झालेल्या इजेबद्दल तक्रार करता येत नाही. समुद्र हा समुद्र आहे, त्यात उतरणाऱ्याने तो पत्करलेला आहे, असे म्हणणे वरवर पाहता रास्त दिसते. परंतु या तत्त्वात ‘स्वेच्छा’ या शब्दाच्या पोटात ‘ज्ञान’ दडलेले आहे. जो धोका ठाऊकच नाही तो पत्करता येत नाही. त्या आईने लाटा पत्करल्या होत्या, थंडी पत्करली होती, मुलाच्या सुरकुतलेल्या बोटांचाही विचार तिने केला होता. म्हणजे तिच्या दृष्टीला पडणाऱ्या सर्व गोष्टींबाबत ती जागरूक होती. जी गोष्ट तिला ठाऊक नव्हती ती तीन-चार माणसांना ठाऊक होती, आणि त्यांपैकी एकजण त्याच वाळूवर, तिच्यापासून काही पावलांवर, समुद्राकडे डोळे लावून बसला होता. त्याचीही मुले पाण्यात होती. ब्रॉडीची ही अस्वस्थ टेहळणी म्हणजे अर्ध्या कर्तव्याचे चित्र आहे. त्याने बंदी केलेली नाही, पण मनही त्याला स्वस्थ बसू देत नाही.

पुढे एक वेगळाच शार्क पकडला जातो आणि धक्क्यावर विजयोत्सव चालू असतो. त्या गर्दीतून काळ्या वेषातील ती आई येते आणि ब्रॉडीच्या थोबाडीत मारते. एक मुलगी मेल्याचे ठाऊक असूनही तुम्ही किनारा उघडा ठेवलात, एवढाच तिचा आरोप. ती नगराध्यक्षाकडे पाहतही नाही. तो कोण हे तिला ठाऊकही नसावे. ती निघून गेल्यावर नगराध्यक्ष ब्रॉडीची समजूत घालू लागतो की तिचे चुकते आहे. ब्रॉडी म्हणतो, तिचे चुकत नाही. मी अनेक खटल्यांत कबुलीजबाब ऐकले आहेत. इतका थोडक्यात आणि इतका पूर्ण कबुलीजबाब क्वचितच ऐकला. वास्तविक या माणसाला बचाव होता. वरिष्ठांचा आदेश होता, वैद्यकीय मत बदलले होते, पुरावा संदिग्ध होता. यांतले काहीही तो पुढे करीत नाही.

यानंतरचा चार जुलैचा प्रसंग मला या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि टीकाकारांनी त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. आता शार्कची वार्ता सर्वतोमुखी झाली आहे. किनारा माणसांनी फुललेला आहे, पण पाण्यात कोणी उतरत नाही. नगराध्यक्ष आपल्या ओळखीच्या एका गृहस्थाजवळ जातो. तो गृहस्थ बायकामुलांसह वाळूवर बसला आहे. तुम्ही कसे पाण्यात नाही, असे नगराध्यक्ष विचारतो. गृहस्थ काहीतरी सबब सांगतो. नगराध्यक्ष आग्रह धरतो. मग तो मनुष्य उठतो, बायकोला उठवितो, आणि मुलांना घेऊन पाण्यात शिरतो. त्यांच्या मागोमाग सगळा किनारा पाण्यात उतरतो.

या गृहस्थाला धोका ठाऊक होता. मग त्याने तो पत्करला असे म्हणावे काय? 1891 साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘स्मिथ विरुद्ध बेकर’ या खटल्यात एक मौलिक भेद केला. कामगाराच्या डोक्यावरून यारीने दगड नेले जात होते आणि हे धोक्याचे आहे हे त्याला ठाऊक होते. तरी ठाऊक असणे म्हणजे संमती देणे नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. पोटासाठी काम करणाऱ्याची मान्यता ही मोकळी मान्यता नसते. पण आमच्या या गृहस्थाच्या पोटाचा प्रश्न नव्हता. त्याच्यावर दडपण होते ते भिडेचे. भिडस्तपणापायी मनुष्य स्वतःचे काय काय करून घेतो हे आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको. परंतु येथे तो केवळ स्वतः पाण्यात गेला नाही. तो मुलांना घेऊन गेला. मुलाला संमती देता येत नाही, त्याच्या वतीने ती बाप देतो. स्वतःच्या देहाबाबत भिडस्त असण्याचा अधिकार माणसाला असेल. मुलाच्या देहाबाबत तो नाही. त्या पहिल्या आईला मी पूर्णतः निर्दोष मानतो. या बापाला मानीत नाही. नगराध्यक्षाचा दोष याहून मोठा आहे यात शंका नाही, पण मोठ्या दोषामुळे लहान दोष पुसला जात नाही.

यातली सर्वांत कडू गंमत अशी की, त्याच दिवशी ब्रॉडी आपल्या मुलाला समुद्रात नको, शेजारच्या खाडीवजा तळ्यात होडी ने म्हणून पाठवितो, आणि शार्क नेमका तेथेच शिरतो. एक मनुष्य मरतो, मुलगा भीतीने गारठून रुग्णालयात जातो. बापाने काळजी घेतली होती. ती चुकीच्या समजुतीवर उभी होती, इतकेच. नगराध्यक्ष रुग्णालयात थरथरत्या हातांनी कागदावर सही करतो आणि आपलीही मुले त्याच किनाऱ्यावर होती असे पुटपुटतो. त्या क्षणी तो खलपुरुष राहत नाही. आपल्याच थापेवर विश्वास ठेवून त्याने आपलीही मुले तेथे आणली होती.

येथवर हा चित्रपट फार मोठा आहे. येथून पुढे तो उत्कृष्ट आहे, पण मोठा नाही. तीन पुरुष एका होडीतून शार्कच्या मागे निघतात. चित्रण, संकलन, अभिनय सर्वच पहिल्या प्रतीचे. संकलन, संगीत आणि ध्वनी यांसाठी ऑस्कर मिळाले ते योग्यच. परंतु गाव मागे राहिले, ती आई मागे राहिली, नगराध्यक्ष तर पुन्हा दिसतच नाही. हवेच्या टाकीचा स्फोट होतो, शार्कच्या चिंधड्या उडतात, आणि त्याबरोबर पूर्वार्धाने उभा केलेला दावाही निकालात निघतो. आरोपी मेला की फौजदारी खटला संपतो. पण येथे आरोपी भलताच ठरविला गेला. शार्कने शार्कचे काम केले. नोंद बदलली ती माणसांनी.

हेन्रिक इब्सेन यांच्या ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’ (1882) या नाटकाशी ‘जॉज’ची तुलना नेहमी केली जाते. तेथेही पाण्यावर जगणारे गाव आहे, ते पाणी दूषित असल्याचे सांगणारा डॉक्टर आहे, आणि त्याला गप्प करणारा नगराध्यक्ष त्याचा सख्खा भाऊच आहे. सत्यजित राय यांनी 1989 साली त्याच नाटकावरून ‘गणशत्रू’ केला तेव्हा स्नानगृहाच्या जागी देवळातील तीर्थ आले आणि दडपण श्रद्धेचे झाले. ‘गणशत्रू’ हा काही रायबाबूंच्या श्रेष्ठ कृतींपैकी नव्हे. परंतु त्यात डॉक्टरला ठार मारण्याजोगा मासा नाही. पाणी दूषितच राहते आणि प्रश्न उरतो. ‘जॉज’ने प्रश्नाला दात दिले आणि मग ते दात पाडले.

मूळ कादंबरीविषयी थोडे सांगितले पाहिजे. पीटर बेंचली यांची ‘जॉज’ ही कादंबरी 1974 साली आली व तिचा प्रचंड खप झाला. वाङ्मयगुणांत ती चित्रपटाच्या पासंगालाही पुरत नाही. ब्रॉडीची पत्नी आणि मत्स्यशास्त्रज्ञ यांच्या प्रेमप्रकरणात पाने खर्ची पडली आहेत, आणि पात्रांपैकी कोणाविषयीच आपल्याला ममत्व वाटत नाही. तथापि एका बाबतीत ती चित्रपटाहून प्रौढ आहे. तिच्यात नगराध्यक्ष गुन्हेगारी टोळीच्या पैशात अडकलेला आहे. किनारा उघडा ठेवण्यामागे कोणाचे कर्ज आहे, कोणाची जमीन आहे, हे कादंबरी सांगते. चित्रपटाने ते गाळून नगराध्यक्षाला नांगरांच्या नक्षीचा कोट घालणारा एक हसतमुख आशावादी बनविले. नाट्य वाढले, हिशेब मात्र हरवला.

या कथेच्या मागे एक खरा उन्हाळा आहे. 1916 सालच्या जुलैत, 1 ते 12 तारखांच्या दरम्यान, अमेरिकेच्या न्यू जर्सी किनाऱ्यावर शार्कच्या हल्ल्यांत चौघे मेले आणि एक मुलगा जखमी होऊन वाचला. पहिले दोन मृत्यू उघड्या समुद्रावर झाले; शेवटचे दोन मॅटावन येथील भरतीच्या खाडीत, समुद्रापासून बरेच आत. शार्क समशीतोष्ण पाण्यात जिवंत माणसाला चावत नाही, असे त्या काळचे अनेक विद्वान सांगत. मॅटावनच्या खाडीत शार्क पाहणाऱ्या एका वृद्ध दर्यावर्दीने गावात येऊन ओरडून सांगितले, पण खाडीत शार्क कसा येईल म्हणून लोकांनी त्याला हसून वाटेला लावले. त्यानंतर एक बालक मेले, आणि त्याला शोधण्यासाठी उडी घेणारा तरुणही. येथे कोणी नोंद बदलली नव्हती. अज्ञान प्रामाणिक होते. कायदा या दोहोंत भेद करतो, आणि साहित्यानेही तो करावा असे मला वाटते. ‘जॉज’चे मोठेपण हेच की त्याने 1916 सालच्या प्रामाणिक अज्ञानाच्या जागी जाणूनबुजून पाळलेले मौन आणले.

चित्रपटाचे पाप दुसऱ्या बाजूने मोजले पाहिजे. ‘जॉज’नंतर शार्क मारणे हा पराक्रम ठरला. जगात आज दरवर्षी 10 कोटींच्या आसपास शार्क माणसाच्या हातून मरतात असा शास्त्रज्ञांचा 2013 सालचा अंदाज आहे. त्यातील फार मोठा भाग मासेमारीचा आहे आणि त्याचे खापर एका चित्रपटावर फोडणे अन्यायाचे होईल. पण खुद्द स्पीलबर्ग यांनी 2022 साली आपल्या चित्रपटामुळे शार्कांचा जो संहार झाला त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. बेंचली यांनी तर उर्वरित आयुष्य, म्हणजे 2006 साली मृत्यू येईपर्यंत, शार्कांच्या रक्षणासाठी वेचले. 2002 साली त्यांचे ‘शार्क ट्रबल’ हे पुस्तक आले. हा साधा, गप्पांच्या ओघात लिहिलेला ग्रंथ आहे. शार्कपासून सावध कसे राहावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुटुंबाने समुद्रात सुरक्षितपणे पोहावे कसे, हे तो सांगतो. ज्या लेखकाने जगाला पाण्याची भीती घातली त्यानेच बसून आईबापांसाठी पाण्याचे नियम लिहावेत, यात मला मोठी शालीनता वाटते. वाङ्मय म्हणून त्याला फारसे कोणी विचारीत नाही. पण बेंचली यांचे खरे प्रौढ पुस्तक तेच.

त्या नियमांत अद्भुत असे काही नसते, आणि नसावेही. पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री पाण्यात जाऊ नये. एकटे जाऊ नये. काठापासून दूर जाऊ नये. जेथे माशांचे थवे किंवा सील दिसतात, पक्षी पाण्यावर सूर मारतात, कोळी गळ टाकून बसले आहेत, तेथून दूर राहावे. चकाकणारे दागिने काढून ठेवावेत. संपूर्ण जगात दरवर्षी शार्क विनाकारण माणसाला चावल्याच्या घटना सामान्यतः 60-70 च्या आसपास नोंदल्या जातात. 2024 साली त्या 47 होत्या आणि त्यांत चार मृत्यू झाले. उलट जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 या एका वर्षात सुमारे 3 लाख माणसे बुडून मेली. नद्या, विहिरी, तळी सारे त्यात आले. तरी या दोन आकड्यांतले अंतर पाहिले म्हणजे ‘जॉज’ने आपली नजर कोठे खिळवून ठेवली आणि कोठून हटविली हे कळते.

आणि तरीही खऱ्या ॲमिटीवर शार्क आलाच. हा चित्रपट मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्थाज व्हिनयार्ड बेटावर चित्रित झाला. त्याच्या शेजारीच केप कॉड आहे. एके काळी त्या राज्यात सील मारण्याबद्दल इनाम मिळे आणि सील जवळजवळ नाहीसे झाले होते. 1972 साली अमेरिकेने सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा केला. सील परतले, त्यांच्यामागे पांढरे शार्क परतले. म्हणजे एका चांगल्या कायद्याचे हे फळ. 2018 च्या ऑगस्टमध्ये ट्रुरो येथे एक मनुष्य चावा बसून वाचला. पुरता महिनाभर झाल्यावर, 15 सप्टेंबरला, वेलफ्लीटच्या किनाऱ्यावर एक तरुण मरण पावला. त्या राज्यात शार्कमुळे झालेला 1936 नंतरचा हा पहिला मृत्यू.

मग तेथल्या गावांनी काय केले? येथे कलाकृतीची आणि वास्तवाची तुलना फार उद्बोधक होते. इनाम लावून होड्या निघाल्या नाहीत, आणि किनारे कायमचे बंदही झाले नाहीत. पांढऱ्या शार्कचे चित्र असलेले जांभळे निशाण किनाऱ्यांवर फडकू लागले. मोठे फलक लागले. रक्तस्राव थांबविण्याच्या साहित्याच्या पेट्या ठेवल्या गेल्या आणि ते कसे वापरावे याचे शिक्षण लोकांना दिले गेले. मोबाइलचा संपर्क मिळत नव्हता तेथे आणीबाणीचे दूरध्वनी आले. शार्क दिसला की जीवरक्षक लोकांना तात्पुरते बाहेर काढतात. म्हणजे काही माणसांकडे असलेले ज्ञान सर्वांच्या नजरेसमोर टांगले गेले. नगराध्यक्षाने आपले काम केले. आता निशाणाखाली मुलाचा हात धरून उभा असलेला बाप आपले काम कसे करतो, हा प्रश्न उरतो. अशा बापाला नंतर नगरपालिकेकडे बोट दाखविता येईल काय?

या प्रश्नाचे एक उत्तर 2003 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने काँगल्टन नगरपालिकेच्या खटल्यात दिले. एका सार्वजनिक उद्यानातील तळ्यात ‘धोक्याचे पाणी, पोहू नये’ असे फलक होते. लोक ते पाहून न पाहिल्यासारखे करीत. 18 वर्षांच्या एका तरुणाने उथळ पाण्यात सूर मारला, त्याची मान मोडली आणि तो जन्माचा अपंग झाला. खालच्या अपील न्यायालयाने दोन-तृतीयांश दोष त्याचा धरून उरलेला नगरपालिकेवर टाकला होता. लॉर्ड्सनी तो निर्णय फिरविला. धोका उघड होता, तो त्याने आपण होऊन ओढवून घेतला. आणि मूठभर अविचारी लोकांसाठी त्या वाळूवर खेळणाऱ्या असंख्य निरुपद्रवी कुटुंबांचा किनारा हिरावून घेण्यास कायद्याने भाग पाडू नये, हा त्यातला मध्यवर्ती विचार. लॉर्ड हॉफमन यांचे हे निकालपत्र मी एक निबंध म्हणून अनेकदा वाचले आहे. त्यात एक अपवाद मात्र स्पष्ट राखला आहे: जेथे खरी आणि जाणती निवड नसते, उदाहरणार्थ लहान मुलांच्या बाबतीत, तेथे गोष्ट निराळी. ॲमिटीची ती आई आणि तो भिडस्त बाप यांच्यामधली रेषा न्यायालयानेही येथेच आखली आहे.

आपल्या किनाऱ्याविषयी बोलायचे तर गोव्यात शार्क, म्हणजे आपली मोरी, पाण्यापेक्षा ताटातच अधिक भेटते. मोरीचे आंबट-तीक खाताना भीती कोणाला वाटल्याचे ऐकिवात नाही. (अगदीच काही घडत नाही असे नव्हे: फेब्रुवारी 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणा नदीत एका मासेमाराच्या पायाचा शार्कने घेतलेला चावा वृत्तपत्रांत गाजला. मॅटावनप्रमाणेच तीही भरतीची नदी.) आपला शार्क म्हणजे पावसाळ्यातला समुद्र, आणि काठावरून माणसाला आत खेचून नेणारा पाण्याचा अदृश्य ओढा. 2008 पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत, लाल निशाणे आहेत, शिट्ट्या आहेत. गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही सहकुटुंब कळंगुटला गेलो होतो. लाल निशाणापासून वीस पावलांवर एक गृहस्थ, बहुधा घाटावरचे, आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. जीवरक्षकाने शिट्टी वाजविली. ते हसले, हात हलविला आणि म्हणाले, “अहो दादा, दोनच मिनिटं. पोरगी हट्ट करतेय.” जीवरक्षक कोकणीत काहीतरी पुटपुटला आणि पाण्यात शिरून त्या दोघांच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला, जाऊन उभा राहिला. त्या मुलीचा हट्ट पुरा होईपर्यंत तो तेथेच उभा होता. माझी बारा वर्षांची मुलगी हे पाहत होती. तिने मला विचारले, “बाबा, ती बुडाली असती तर तुम्ही कोणाची केस घेतली असती?” मी तिला शहाळे घेऊन दिले.

निवडणुकीविषयीची एक गोष्ट सांगावयाची राहिली. क्रिस्टोफर एकन आणि लॅरी बार्टल्स या दोन राज्यशास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की, 1916 च्या अध्यक्षीय निवडणुकीत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील गावांनी त्या हल्ल्यांचा राग राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्यावर काढला आणि तेथे त्यांची मते घटली. शार्क चावला तरी जबाबदार सरकारच. पुढे 2018 साली अँथनी फाउलर आणि अँड्र्यू हॉल यांनी तेच आकडे पुन्हा तपासून हा निष्कर्ष टिकत नाही असे दाखविले, आणि हा वाद पुरता मिटलेला नाही. ॲमिटीच्या मतदारांविषयी मात्र वाद नाही. 1978 साली ‘जॉज 2’ आला. चित्रपट सामान्यच आहे. त्यात व्हॉन अजूनही नगराध्यक्ष आहेत. शार्क पुन्हा आला आहे असे सांगणाऱ्या ब्रॉडीला नगरमंडळ नोकरीवरून काढून टाकते.